पान्याला ‘चावी’ का म्हणतात?

प्रश्न : वाळूजच्या कारखान्यात आलेल्या परदेशी मशीनच्या मॅन्युअलमध्ये पान्याच्या चित्राखाली स्पॅनिशमध्ये ‘यावे’, इटालियनमध्ये ‘क्याव्हे’, फ्रेंचमध्ये ‘क्ले’ आणि पोर्तुगीजमध्ये ‘शाव्ह’ लिहिलंय. शब्दकोशात चारही शब्दांचा पहिला अर्थ किल्ली. यांचं आपल्या चावीशी काही नातं आहे का?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : आहे, आणि जवळचं आहे. चारही शब्द लॅटिन ‘क्लाविस’चे, म्हणजे किल्लीचे. फरक पडला तो सुरुवातीच्या ‘क्ल’मुळे. फ्रेंचने तो जसाच्या तसा ठेवला, इटालियनमध्ये ‘क्य’ झाला, स्पॅनिशमध्ये ‘ल्य’ (लिहिताना दोन एल, बोलताना बहुतेक ठिकाणी ‘य’) आणि पोर्तुगीजमध्ये ‘च’. हाक मारणे या अर्थाच्या ‘क्लामारे’चंही असंच झालं: इटालियन क्यामारे, स्पॅनिश यामार, पोर्तुगीज शामार.

पोर्तुगीज आज ‘श’ म्हणतात, पण सोळाव्या शतकात ते गोवा-वसईला आले तेव्हा उच्चार ‘च’ होता. त्यांच्याकडून घेतलेल्या आपल्या चावीत आणि मराठवाड्यात घरोघरी ऐकू येणाऱ्या ‘चाबी’त तो जुना ‘च’ अजून शाबूत आहे!

आता पाना. किल्लीसारखंच बसवून फिरवायचं ते हत्यार, म्हणून किल्लीचंच नाव त्याला मिळालं. ॲलन की (षटकोनी खाचेच्या स्क्रूचा पाना) स्पॅनिशमध्ये ‘यावे आलेन’, फ्रेंचमध्ये ‘क्ले आलेन’. शब्दापुढे मापाचा आकडा असेल तर तो बहुतेक वेळा पानाच: ‘यावे दे 13’ म्हणजे 13 मिमीचा.

आकडा नसेल तिथे मात्र घोळ होतो. स्पॅनिश ‘यावे दे पासो’ हा पाना नव्हे, लाइन बंद करायचा व्हॉल्व्ह. पोर्तुगीज ‘शाव्ह द फेंदा’ म्हणजे स्क्रू ड्रायव्हर. ब्राझीलच्या मशीनवर ‘शावी जेराउ’ (‘शावी’ हा ‘शाव्ह’चाच तिथला उच्चार) दिसलं तर तो मेन स्विच. तिथे पाना घेऊन जाणं धोक्याचं. म्हणून नुसत्या पहिल्या शब्दावर जाऊ नका. पुढचा शब्द वाचा, चित्र पाहा, मगच हत्यार उचला.

स्पॅनिशमध्ये ‘क्लावे’ही आहे. तो लॅटिनमधून नंतर, पुस्तकी वाटेने आला, म्हणून त्याचा ‘क्ल’ टिकला. पॅनेलवर ‘क्लावे’ मागितली तर पासवर्ड टाकायचा. ‘क्लावो’ मात्र खिळा. तो ‘क्लावुस’ या वेगळ्याच लॅटिन शब्दाचा.