सुट्टीत लिखाण आणि व्यायाम दोन्ही बंद पडतं, काय करावं?

तुम्ही विचारलंय की एरवी रोज पहाटे लिखाण आणि संध्याकाळी व्यायाम नीट चालतो, पण दहा-बारा दिवसांची सुट्टी आली की दोन्ही सुटतं आणि पुन्हा बसवायला महिना जातो. याला आळस म्हणू नका. सवय ज्या खुंटीला अडकवलेली असते (ठरलेली वेळ, ठरलेली खुर्ची, कामावरून घरी येणं) ती खुंटीच सुट्टीत जागेवर नसते. म्हणून घड्याळ सोडा आणि कुठेही गेलात तरी रोज घडणारी गोष्ट धरा: दात घासून झाले की लिखाण, आंघोळीच्या आधी व्यायाम.

क्रम हाच ठेवा. लिखाणाला शांतता लागते आणि भरल्या घरात ती बाकीचे उठेपर्यंतच मिळते. व्यायाम गडबडीतही होतो, मुलं शेजारी उड्या मारत असली तरी चालतं.

व्यायामात वेळ कापा, जोर कापू नका. व्यायामाचे संशोधक रॉबर्ट हिक्सन यांच्या १९८० च्या दशकातल्या प्रयोगांत ४० मिनिटांचा व्यायाम १३ मिनिटांवर आणला, तीव्रता तीच ठेवली, तरी १५ आठवडे शरीराची जास्तीत जास्त प्राणवायू वापरण्याची क्षमता टिकून राहिली. तीव्रता उतरवली तेव्हा मात्र ती घसरली. सुट्टीत आपण नेमकं उलटं करतो, तासभर रमतगमत फिरतो आणि व्यायाम झाला म्हणतो. फिरणं चांगलंच, पण त्याला दिवसाचा व्यायाम धरू नका.

साधनांशिवाय १५ मिनिटं अशी: २ मिनिटं सांधे मोकळे करा, मग १५ बैठका, १० पुशअप, ३० सेकंद प्लँक (कोपर आणि पायाच्या बोटांवर अंग सरळ तोलून धरणं). एक मिनिट विश्रांती, असे तीन फेरे. प्रत्येक प्रकारातले शेवटचे दोन-तीन जड गेले पाहिजेत. सोपं वाटलं तर आकडा वाढवण्याआधी वेग कमी करा: बैठकेत तीन सेकंद घेत खाली जा, तळाशी एक सेकंद थांबा, मग वर या. अजून सोपं असेल तर पाठीवरच्या बॅगेत कपडे-पुस्तकं कोंबून ती घाला. ताकदीच्या व्यायामाला आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरतात, बाकीचे दिवस भराभर जिने चढा.

लिखाणाचा किमान आकडा निघण्याआधीच ठरवून ठेवा. माझ्या मते १५० शब्द किंवा १५ मिनिटं, जे आधी होईल ते. त्याहून मोठं ठरवलंत तर तिसऱ्या दिवशी 'आज राहू दे' होतं. नवं प्रकरण सुट्टीत सुरू करू नका. त्यासाठी सगळा पसारा डोक्यात धरावा लागतो आणि मध्येच कुणी हाक मारली की तो सांडतो. अर्धवट प्रसंग, संवाद, जुन्या मजकुराची काटछाट अशी तुकड्यात होणारी कामं सोबत न्या. शेवटची दोन पानं छापून वहीत घाला, म्हणजे फोन उघडावाच लागणार नाही. सकाळी फोन उघडला की ती १५ मिनिटं गेलीच.

आणि थांबताना वाक्य अर्ध्यावर सोडा. 'पत्र उघडून पाहिलं तर आत' एवढंच लिहून वही मिटा. दुसऱ्या दिवशी पेन टेकवलं की पहिला शब्द तयार असतो. कोऱ्या पानापुढे जी पाच-सात मिनिटं जातात, ती थोडक्या वेळात परवडत नाहीत.

रात्री वही आणि पेन उशाशी, व्यायामाचे कपडे बॅगेत सगळ्यात वर. प्रवासाचा दिवस आधीच लिखाण-व्यायामाच्या सुट्टीचा धरून टाका, म्हणजे नेम मोडल्यासारखा वाटणार नाही. बाकी एखादा दिवस हुकला तर घाबरू नका. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, आणि एखादा दिवस चुकल्याने फारसा फरक पडला नाही. दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरपाई मात्र करू नका. अंग दुखायला लागतं, ते एक ते तीन दिवसांत सर्वाधिक दुखतं आणि त्या नादात पुढचे दिवसही बुडतात. ताप असेल तर व्यायाम पूर्ण बंद.

परतल्यावर पहिल्याच दिवशी जुन्या वजनाला हात घालू नका. खंड दोन आठवड्यांहून मोठा असेल तर पहिला आठवडा साधारण दोन-तृतीयांश वजनावर काढा. लिखाणात पहिल्या दिवशी फक्त सुट्टीतली पानं टाइप करून घ्या. टाइप करता करता पुढचं वाक्य सुचलं तर लिहा आणि ते अर्धं ठेवा, नाही सुचलं तर तिथेच थांबा.