हॉस्पिटलवाले डॉक्टरची डिग्री खरंच तपासतात का?

ताई, तुम्ही विचारलंय की मामांचं पित्ताशयाचं दुर्बिणीचं ऑपरेशन जळगावात ठरलंय, सर्जन व्हिजिटवर येणार, तर त्यांची डिग्री हॉस्पिटल तपासतं का आणि काही बिघडलं तर त्यांना विचारणारं कोणी असतं का. मी इकडच्याच एका हॉस्पिटलात क्वालिटीचं काम बघते, डॉक्टरांच्या फायली माझ्याच टेबलावरून जातात म्हणून लिहितेय.

डिग्रीचं तर घरबसल्या कळतं. महाराष्ट्र मेडिकल काउन्सिलच्या साइटवर नाव टाकून बघा, रजिस्ट्रेशन दर 5 वर्षांनी रिन्यू करावं लागतं, आणि एमएस, म्हणजे सर्जरीची पुढची डिग्री, झालेलं असलं तर ते तिथे वेगळं नोंदवावं लागतं. पाटीवर काय लिहिलंय त्यावर जाऊ नका.

पण एमएस सर्जरी आहे म्हणजे प्रत्येक ऑपरेशन करायला मोकळे असं नसतं हो, आणि लोक नेमकं हेच विचारत नाहीत. एनएबीएच, म्हणजे हॉस्पिटलचा दर्जा तपासणारी संस्था, तिचं मानांकन घ्यायचं तर कोणत्या डॉक्टरला कशाकशाची परवानगी हे हॉस्पिटलला लेखी ठरवावं लागतं. आमच्याकडे त्याचा तक्ता आहे, डावीकडे ऑपरेशनांची नावं, पुढे तीन रकाने, स्वतंत्रपणे, देखरेखीखाली, नाही. त्याची प्रत ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, लावलेली असते आणि इन्चार्ज सिस्टर केस लावताना ती बघतात. एकदा एका मोठ्या सर्जनसाहेबांना एका नव्या ऑपरेशनची परवानगी नव्हती तर सिस्टरनी केस लावलीच नाही, साहेब तापले, फोनाफोनी झाली, तरी त्या हटल्या नाहीत. मला त्यांचं फार कौतुक आहे, पेशंट अशाच माणसांमुळे वाचतात.

आता विचारणारं कोणी असतं का. कागदावर असतं. मृत्यू झाला, पेशंट परत ओटीत न्यावा लागला, की त्याच विषयाच्या दुसऱ्या डॉक्टरने केसपेपर वाचून मत द्यायचं. पण आपल्या खानदेशात तोच भूलतज्ज्ञ सकाळी भुसावळला, दुपारी यावलला, संध्याकाळी चोपड्याला, सगळे एकमेकांचे बॅचमेट नाहीतर पाहुणे नाहीतर एकमेकांना पेशंट पाठवणारे, तोंड कोण उघडणार? आणि हॉस्पिटलचा मालकच सर्जन असला तर बघायलाच नको. माझं स्पष्ट मत आहे की केसपेपरवरची नावं झाकून ते नाशिक-संभाजीनगरच्या डॉक्टरकडे पाठवले पाहिजेत, खर्च फार नाही, इच्छा लागते.

डॉक्टरांची भीतीही खोटी नाही. 1995 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून डॉक्टर ग्राहक कायद्यात आले, त्यामुळे अशा केस तपासायच्या मीटिंगमध्ये लिहिलेलं उद्या आपल्यावरच उलटेल असं त्यांना वाटतं. अमेरिकेत प्रामाणिकपणे असा रिव्ह्यू करणाऱ्यांना 1986 च्या कायद्याने संरक्षण दिलंय, आणि 1990 पासून डॉक्टरांवरच्या कारवायांची राष्ट्रीय नोंद आहे, नेमताना आणि मग दर 2 वर्षांनी हॉस्पिटलला ती बघावीच लागते. आपल्याकडे तसं काही नाही. तरी अगदीच जमत नाही असंही नाही, मातामृत्यूचं अन्वेषण आपल्याकडे चालतंच की, धडगाव-अक्कलकुव्याकडची बाई गेली तरी उशीर कुठे झाला, घरी, रस्त्यात की दवाखान्यात, हे शोधायचं असतं, कोणाला फासावर द्यायला नाही.

मामांसाठी सर्जनला सरळ विचारा, अशी किती ऑपरेशनं केलीत आणि पोट उघडायची वेळ कितींदा आली. उघडावं लागलं म्हणजे डॉक्टर कच्चा असं समजू नका, पित्ताची नळी नीट दिसत नसताना दुर्बिणीचाच हट्ट धरणारा जास्त धोक्याचा. आणि ऑपरेशननंतर व्हिजिटवाले सर्जन गावाला निघून गेले की रात्री पेशंटला कोण बघणार, त्या डॉक्टरचं नाव आणि नंबर अ‍ॅडमिट व्हायच्या आधीच लिहून घ्या. भूलतज्ज्ञ आदल्या दिवशी मामांना तपासणार का तेही विचारा, त्यांना बीपी-शुगर असेल तर नक्कीच.