रिव्हॉल्व्हर कमरेला अडकवायचं होल्स्टर घरी बनवायचंय, लेदर कुठलं घेऊ आणि मशीनवर शिवलं तर चालेल का?

मशीनचं आधी सांगतो. घरच्या शिलाई मशीनवर विसरा, दोन पदर मिळून सहा-सात मिलिमीटर होतात, सुई मोडेल. मोच्याच्या जड मशीनवर होईल, पण मी तरी हातानेच शिवेन. मशीनमध्ये वरचा दोरा खालच्यात अडकवलेला असतो, एक टाका झिजून तुटला की शेजारचेही ढिले पडतात. दोन सुया आणि एक मेणाचा दोरा घेऊन शिवलं की प्रत्येक भोकातून दोरा दोन्हीकडून जातो, एक तुटला तरी बाकीचे धरून राहतात. दोरा शिलाईच्या चौपट लांब घ्या, नाहीतर शेवटच्या चार टाक्यांना रडाल.

आता लेदर. यावरून आमच्या घरात अजून भांडण चालू आहे, म्हणून जरा लांबेल.

आम्ही ग्वाल्हेरचे, लष्कर नावाच्या भागात राहतो. काकांकडे लायसनचं ३२ बोर रिव्हॉल्व्हर आहे, कानपूरच्या ऑर्डनन्स फॅक्टरीचं. २०२३ च्या पावसाळ्याआधी मी हौसेने त्यांना होल्स्टर करून दिलं, सोफावाल्याकडच्या उरलेल्या काळ्या मऊ लेदरचं. फुकट मिळालं होतं ना. काकांनी रिव्हॉल्व्हर त्यात घातलं आणि कपाटात ठेवलं ते थेट ऑक्टोबरपर्यंत. ९ तारखेला विधानसभेची आचारसंहिता लागली, हत्यारं ठाण्यात जमा करा म्हणून आदेश निघाला, तेव्हा काढून बघतात तर सिलिंडरवर तांबूस ठिपके. मग जे काय ऐकलं ते इथे लिहीत नाही.

इथल्या महाराज बाडा चौकाजवळच्या एका म्हाताऱ्या मोच्याला तुकडा दाखवला तर त्याने रापीने कडा कापून बघितली, आत निळसर करडा रंग, म्हणाला, "भैया, सोफे का माल सोफे पे ही अच्छा लगता है." ते क्रोमचं होतं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांत कमावलेलं. त्यातले क्षार लोखंडाला बरे नाहीत, आणि ओलं करून आकार दिला तर तो टिकतही नाही. तुम्ही घ्या व्हेज-टॅन, म्हणजे सालीत, हिरड्यात कमावलेलं, ३ ते साडेतीन मिलिमीटर. पाण्याचा थेंब टाकला की लगेच पितं आणि काळवंडतं, तेच खरं.

तर दुसरं मी व्हेज-टॅनचं कापलं, पण रिव्हॉल्व्हर ठाण्यात! जुन्या कागदी मापावरून सुताराकडून लाकडी नमुना करून घेतला, चामडं कोमट पाण्यात बुडवून त्यावर अंगठ्याने दाबून बसवलं आणि सावलीत वाळवलं. दसऱ्याला शस्त्रपूजनाच्या पाटावर काकांनी हेच रिकामं होल्स्टर मांडलं, वर झेंडूचं फूल, आणि काकांचं तोंड एवढंसं. डिसेंबरात निकाल लागल्यावर रिव्हॉल्व्हर परत आलं आणि आत जाईना, कागदावर सिलिंडरची जाडी कुठे कळते, सुताराने ती अंदाजाने धरली होती. पुन्हा भिजवलं, रिव्हॉल्व्हर रिकामं करून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून आत सारलं, काका समोर खुर्ची टाकून बसले. ते बसायलाच हवेत, लायसन त्यांच्या नावावर आहे. सिलिंडरची गोलाई हाडाच्या पट्टीने घोटून काढली, रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी काढताना 'टप्' असा आवाज आला. उलटं धरून हलवलं तरी पडत नाही.

तरी काका आल्यागेल्याला सांगतात की पोराने बंदूक गंजवली. अहो, चामडं म्हणजे पाणी पिणारी वस्तू, चार महिने पावसाळ्यात त्यात कोंडून ठेवल्यावर दुसरं काय होणार? होल्स्टर कमरेला लावायचं, बंदूक तेल लावलेल्या फडक्यात ठेवायची. व्हेज-टॅनमध्येही गंजतेच. आता लेदर चुकीचं होतं ही माझी चूक, मान्य. पण अर्धीच.

हो, राहिलंच. हेअर ड्रायरने वाळवू नका, तडकतं. चामड्याला तेल बोटावर येईल तेवढंच पुरे, जास्त चोपडलं की दिलेला आकार ढिला पडतो. ट्रिगर पूर्ण झाकला गेलाच पाहिजे, यात हौस नको. आणि पहिलं होल्स्टर कुणाच्या बंदुकीसाठी करूच नका, घरातल्या पक्कडीसाठी करा. पक्कड गंजली तर कोणी आल्यागेल्याला सांगत बसत नाही.