चार डाऊन, दहा यार्ड आणि मैदानावर नसलेली रेघ

मुलाकडे न्यू जर्सीला आलोय. रविवारी सगळे अमेरिकन फुटबॉल बघायला टीव्हीपुढे. मला दिसतं ते एवढंच : पाच सेकंद ढकलाढकली, मग घोळका करून कुजबुज. यात बघायचं काय?

काका, त्या कुजबुजीतच पुढची चाल ठरते. सध्या बॉलमागे नजर पळवू नका, पडद्यावरचे दोन आकडे वाचा. डाऊन म्हणजे एक प्रयत्न. ‘तिसरा डाऊन, ७ यार्ड’ म्हणजे दोन प्रयत्न संपले, अजून सात यार्ड हवेत. चार प्रयत्नांत दहा यार्ड सरकलं की पुन्हा नवे चार. नाहीतर बॉल समोरच्याकडे. कुठवर जायचंय ते पिवळी रेघ सांगते. गंमत म्हणजे ती मैदानावर नसतेच! १९९८पासून टीव्हीवाले ती संगणकाने काढतात.

खरी मजा चौथ्या डाऊनला. फसलं तर बॉल तिथेच प्रतिस्पर्ध्याच्या हाती, म्हणून बहुतेक संघ तो लाथ मारून लांब धाडतात. ह्याला पंट म्हणतात. पण एकच यार्ड उरलाय, सामना संपत आलाय, आणि प्रशिक्षक पंटरला बाहेरच ठेवतो, तेव्हा तुमचा मुलगा सोफ्यावरून उठून उभा राहील बघा. आणि पिवळं फडकं पडलं, तर फाऊल. पंच बोलेपर्यंत टाळ्या वाजवू नका.

बॉल ३५ यार्डांच्या रेषेवर होता, तरी समालोचक ५२ यार्डांची किक म्हणाला. चुकला का?

नाही. ३५ हे एंड झोनपर्यंतचं, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यापर्यंतचं अंतर. गोलचे खांब एंड झोनच्या मागच्या कडेला असतात, ते १० यार्ड वाढले. शिवाय बॉल साधारण ७ यार्ड मागे फेकून, तिथे टेकवून मारतात. ३५, १० आणि ७ : झाले ५२. ही किक साधली की ३ गुण. टचडाऊनचे, म्हणजे बॉल एंड झोनमध्ये नेल्याचे ६; वर छोटी किक मारून १, किंवा पुन्हा एंड झोन गाठून २.

पुण्यातून कधी, कसं बघायचं?

एनएफएलचा, म्हणजे तिकडच्या व्यावसायिक लीगचा हंगाम सप्टेंबरात सुरू होतो. रविवारचे दुपारचे सामने आपल्याकडे रात्री साडेदहाला लागतात. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे गेली की साडेअकराला. रविवार रात्रीचा सामना आपल्या सोमवारी सकाळी, चहाच्या वेळेला. फेब्रुवारीतला सुपर बोल, म्हणजे अंतिम सामना, सोमवारी पहाटे पाचला. त्या दिवशी सुट्टी टाकाच.

भारतातून डीएझेडएन या स्ट्रीमिंग सेवेवरचा गेम पास घेता येतो. पैसे भरण्याआधी यंदाची योजना तपासा. घड्याळात खेळ ६० मिनिटांचा, पण प्रत्यक्षात तीन तास सहज जातात. जागरण नको असेल तर गेम पासवरची चाळीसेक मिनिटांची आवृत्ती सोमवारी संध्याकाळी लावा. तोवर अमेरिकेतल्या भाच्याचा फोन मात्र उचलू नका.