आतड्यांच्या दाहात आहाराची सुरुवात

निदान नवे असताना प्रत्येक घास संशयास्पद वाटतो. तरीही एकदम दहा पदार्थ बंद करू नका, कारण त्याने वजन घटते आणि नेमके काय बाधले ते कळतच नाही. आधी 2-3 आठवडे वहीत लिहा: काय खाल्ले, किती वाजता, पोट कधी दुखले, शौचाला किती वेळा जावे लागले. माझ्या वहीत दूध निर्दोष ठरले, कच्चा कोबी मात्र दर वेळी बाधला. तुमचे वेगळे निघेल.

आजार बळावला असताना साली, बिया टाळून मऊ शिजवलेले, थोडे थोडे खावे. बरे वाटल्यावर चोथायुक्त पदार्थ हळूहळू परत आणावेत. आतडे अरुंद झाले असल्यास मात्र डॉक्टरांना विचारूनच.

सर्वांत घातक चूक म्हणजे पथ्य मानवले म्हणून औषध थांबवणे: त्रास थांबला, तरी आत दाह चालू असू शकतो.