वाचकांचे प्रश्न : पावसाळा आणि जलरंग

गेल्या अंकात पावसाळी निसर्गचित्रांची पानं छापली, तेव्हापासून जलरंगात काम करणाऱ्या वाचकांची पत्रं येत आहेत. त्यांतल्या काही प्रश्नांना जागेवर बसून निसर्गचित्रं करणाऱ्या दोन चित्रकारांनी दिलेली ही उत्तरं. बरेचसे प्रश्न रंगांबद्दल विचारलेले आहेत, पण दुखणं पाण्याचं किंवा कागदाचं आहे, हे आधीच सांगून टाकतो.

३०० ग्रॅमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) महाग कागद घेतला, बोर्डाला चार क्लिपा लावल्या, तरी आकाशाचा वॉश (पातळ रंगाचा सलग थर) देताच कागदाला लाटा येतात आणि रंग खळग्यांत साचतो. दुकानदार म्हणतो, ३०० ग्रॅम फुगत नाही.
— एक वाचक, चिपळूण

दुकानदार अर्धंच खरं बोलतोय. पाव इम्पीरियलवर, म्हणजे ११ × १५ इंचांवर, बेताचं पाणी वापरलं तर ३०० ग्रॅम तग धरतो. अर्ध्या इम्पीरियलवर (१५ × २२ इंच) सढळ वॉश दिला की फुगणारच. ओले झालेले तंतू पसरतात, कोपरे क्लिपांनी पकडलेले असतात, मग कागद मधे उचलला जातो. तो आधीच पूर्ण फुगू द्यायचा आणि कडा चिकटवून ताणलेला वाळवायचा, एवढाच उपाय आहे.

बोर्ड निदान १२ मिमी प्लायचा घ्या. पातळ असला तर वाळणाऱ्या कागदाच्या ओढीने तोच वाकतो. टेप पाणी लावून चिकटणारी ब्राउन गमटेप, २ इंच रुंद. मास्किंग टेप ओल्या कागदाला धरत नाही. गमटेपच्या चार पट्ट्या आधीच कापून कोरड्या जागी ठेवा. कागद गार पाण्यात ५-६ मिनिटं बुडवा, २०० ग्रॅमचा असेल तर ३ मिनिटं पुरे. गरम पाणी नको, त्याने कागदाचं साइझिंग (पाणी शोषू न देणारा लेप) उतरतं. एक कोपरा धरून अर्धा मिनिट निथळू द्या, मग बोर्डावर पसरा. हाताने चोळून सपाट करू नका, ओला पृष्ठभाग खरवडतो आणि तिथे पुढे रंग गडद बसतो. कडेची अर्धा इंच पट्टी टिश्यूने टिपून घ्या. टेप सुटल्याच्या बहुतेक तक्रारी ही पायरी गाळल्यामुळे येतात. टेपवर ओला स्पंज एकदाच फिरवा, दोनदा फिरवला तर डिंकच धुऊन जातो. अर्धी टेप कागदावर, अर्धी बोर्डावर.

आणि बोर्ड आडवाच वाळवा. भिंतीला टेकवला तर पाणी खालच्या कडेला उतरतं, वरचा भाग आधी आक्रसतो आणि खालची टेप उखडते. उन्हाळ्यात तीन-चार तासांत काम होतं, जुलैत रात्रभर ठेवावा लागतो. मधे लाटा दिसतील, हात लावू नका. त्या आपोआप बसतात. गमटेपचं रीळ पावसाळ्यात झिपच्या पिशवीत ठेवा, नाहीतर हवेतल्या ओलीने त्याचा ठोकळा होतो.

आकाशात ढगाच्या कडेला कोबीच्या फुलासारखे डाग उमटतात. उन्हाळ्यात असं होत नव्हतं. रंग खराब झाले असतील का?
— एक वाचक, नाशिक

रंग ठीक आहेत, तुमची वेळ चुकते आहे. अर्धवट वाळलेल्या वॉशमध्ये जास्त पाणी असलेला ब्रश टेकला की ते पाणी पसरताना रंगाचे कण पुढे ढकलत नेतं आणि जिथे थांबतं तिथे दातेरी कड सोडतं. उन्हाळ्यात हा अर्धवट वाळलेला काळ एक-दोन मिनिटांचा असतो, म्हणून सहसा नडत नाही. पावसाळ्यात तोच दहा मिनिटं रेंगाळतो आणि तेवढा वेळ हात आवरत नाही.

कागद तिरक्या नजरेने बघायची सवय लावा. पाण्याचं तळं दिसतंय तोवर रंगात रंग सोडा, काही बिघडत नाही. तळं जाऊन नुसती मंद चकाकी उरली, की ब्रश कागदापेक्षा कोरडा हवा: दाट रंग, टिश्यूवर टेकवून घेतलेला ब्रश. ढगांची मऊ पोटं याच वेळी होतात. चकाकी गेली पण हाताची मागची बाजू लावल्यावर कागद गार लागतोय, त्या वेळी काहीही करू नका. गारवा पूर्ण गेला की दुसरा थर.

डाग पडायचं दुसरं कारण खालच्या कडेला असतं. बोर्ड तिरका ठेवल्यावर वॉशचं पाणी खाली टेपपाशी साठतं आणि वरचं वाळल्यावर ते उलटं चढतं. वॉश संपला की पिळलेल्या ब्रशने ती ओळ टिपून घ्या. हेअर ड्रायर चकाकी गेल्यावरच, निदान एक फूट लांबून. आधी मारलात तर हवाच पाणी ढकलते.

भातशेतीचा हिरवा जमत नाही. सॅप ग्रीन, हूकर्स ग्रीन दोन्ही वापरून पाहिले, चित्र प्लॅस्टिकचं वाटतं.
— एक वाचक, कुडाळ

ट्यूबमधला हिरवा वाईट नसतो, पण तोच सगळीकडे गेला की चित्र मेलंच. पावसाळ्यात एकाच चौकटीत निदान पाच हिरवे असतात आणि ते एकमेकांशेजारी आले तरच खरे वाटतात. दोन पिवळे (लेमन आणि गँबोज), दोन निळे (अल्ट्रामरीन आणि थॅलो) आणि बर्न्ट सिएना, एवढ्यांतून सगळे निघतात.

तरव्याचा, म्हणजे लावणीआधीच्या भाताच्या रोपांचा, हिरवा जवळजवळ पिवळाच असतो: भरपूर लेमन आणि त्यात थॅलो ब्रशच्या टोकापुरता. थॅलो फार जोरकस, दहाला एक भाग पुरतो. निळ्यात पिवळा घालत बसलात तर पिवळ्याची ट्यूब संपेल. लावणी झालेलं शेत मात्र हिरवं रंगवूच नका. तिथे खरं तर पाणी असतं आणि पाण्यात आकाश. आधी आकाशाचाच करडा-निळा वॉश खाली आणा, पूर्ण वाळू द्या, मग जवळच्या रोपांचे उभे, सुटे फटकारे मारा. मागे जाल तसे ते आखूड होत जातात आणि शेवटी आडव्या रेघा होतात. हे अंतर चुकलं की शेत भिंतीसारखं उभं राहतं. ऑगस्ट-सप्टेंबरात पाणी झाकलं जातं, तेव्हा गँबोज आणि अल्ट्रामरीन, त्यात किंचित बर्न्ट सिएना.

बांधापलीकडचा आंबा या सगळ्याहून गडद आणि मळकट: अल्ट्रामरीन, गँबोज आणि बर्न्ट सिएना जवळजवळ सारख्या भागांत, दाट. माड पिवळटच. साग या दिवसांत फुलतो, त्याच्या शेंड्यांवरचे मळकट पांढरे तुरे कागद कोरा ठेवून सोडा. ते नसले की साग ओळखू येत नाही. जांभ्याचा गडगा (दगडी कुंपण) कोरडा असताना नारिंगी, भिजल्यावर काळपट लाल, म्हणून बर्न्ट सिएनात लाइट रेड आणि थोडा अल्ट्रामरीन. हिरव्याला सगळ्यांत जास्त मदत याच लाल रंगाची होते.

एवढं करूनही चित्र सपाट वाटलं तर मोबाइलवर फोटो काढून तो कृष्णधवल करून बघा. शेत, झाडं, डोंगर एकाच करड्यात दिसले तर चूक छटेची नाही, गडद-फिक्याची आहे. पावसाळी हवेत मागचा प्रत्येक डोंगर पुढच्यापेक्षा स्पष्टपणे फिका हवा, वाटतो त्याहूनही फिका.

मेणवलीच्या घाटावर बसून काम करतो. दगड काळा म्हणून पायऱ्या काळ्या होतात आणि अख्खं चित्र जड होतं.
— एक वाचक, सातारा

ट्यूबमधला काळा पेटीतून काढून ठेवा. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळले की निळसर करड्यापासून जवळजवळ काळ्यापर्यंत सगळं मिळतं, आणि अल्ट्रामरीनचे कण रफ कागदाच्या खळग्यांत बसून बेसॉल्टचा खरबरीतपणा आपोआप देतात. ब्रश घोटत राहिलात तर तो जातो. एकदा लावला की सोडून द्या.

मुळात पायरीचा वरचा भाग काळा नसतोच. त्यावर आकाश पडलेलं असतं, तो फिका आणि निळसर दिसतो. उभा भाग गडद आणि जरा उबदार, कारण खालच्या पायरीचा उजेड त्यावर येतो. आधी सगळ्या घाटावर फिका वॉश द्या, वाळल्यावर फक्त उभे भाग भरा. प्रत्येक पायरी मोजून काढू नका. दोन-तीन ठिकाणी कड हरवू द्या, नाहीतर जिना सिमेंटचा वाटतो. भिजलेल्या पायऱ्यांत कृष्णेच्या पाण्यासारखेच उभे प्रतिबिंब-पट्टे येतात, ते ओल्यावरच सोडायचे.

दोन वर्षं कपाटात ठेवलेल्या कागदावर वॉश दिला तर पांढरे-गडद ठिपके उमटले. वरून कागद स्वच्छ दिसत होता.
— एक वाचक, पुणे

साइझिंग गेलं. कागद टीपकागदासारखा पाणी पिऊ नये म्हणून त्यात किंवा त्यावर जिलेटिनसारखा पदार्थ असतो. दमट हवेत बुरशी नेमकी त्यावर पोसली जाते, आणि डोळ्यांना दिसायच्या कितीतरी आधी. तपासणी सोपी: कोपऱ्यावर स्वच्छ पाण्याचा थेंब सोडा. थेंब वर टिकला तर कागद बरा, लगेच आत जाऊन डाग गडद झाला तर गेला.

थोडाच बिघडलेला कागद वाचवता येतो. १०० मिली पाण्यात २ ग्रॅम साधं, बिनवासाचं, बिनसाखरेचं जिलेटिन २० मिनिटं भिजवा, मग भांडं गरम पाण्यात ठेवून विरघळवा. उकळू नका, उकळल्यावर त्याचा जोर जातो. कोमट असतानाच रुंद ब्रशने दोन्ही बाजूंना लावा आणि दोरीवर वाळवा. पिवळे-तपकिरी ठिपके पडलेला कागद मात्र जलरंगाला देऊ नका. पोस्टर कलर किंवा पेस्टलला वापरा, आणि चांगल्या कागदाशेजारी ठेवू नका.

पुढच्या वेळी कागद मे महिन्यात, हवा कोरडी असताना, जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत सिलिका जेल घालून बंद करा. जूनमध्ये बंद केलात तर ओलसुद्धा आतच बंद होते. कपाट बाहेरच्या भिंतीला लागून नको. पॅलेटचंही तेच: ओला मिटू नका, रंगांवर बुरशी येते.

सेबलचा (प्राण्याच्या केसांचा, महाग) ब्रश घेतल्याशिवाय गत्यंतर नाही का?
— एक वाचक, सोलापूर

आहे. वॉशसाठी खारीच्या केसांसारखा मऊ, पाणी धरणारा एक सिंथेटिक मॉप, एक १२ नंबरचा सिंथेटिक राउंड (गोल ब्रश), आणि फांद्यांसाठी एक रिगर (लांब केसांचा बारीक ब्रश). वाचलेले पैसे कागदावर घाला. स्वस्त ब्रशने चांगल्या कागदावर काम होतं, उलटं होत नाही.

जलरंगासाठी आपल्याकडच्या कुणाची चित्रं पाहावीत? इंटरनेटवर सगळी परदेशी प्रात्यक्षिकंच दिसतात.
— एक वाचक, सांगली

तुमच्या शेजारीच आबालाल रहिमान होऊन गेले. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकले, कोल्हापुरात शाहू महाराजांच्या आश्रयाला होते, १९३१ साली वारले. कोल्हापूरची तळी आणि पंचगंगेचा परिसर त्यांनी वेगवेगळ्या वेळांच्या उजेडात रंगवला. दुपारचं आणि संध्याकाळचं पाणी त्यांच्याकडे कसं बदलतं ते पाहा. पाण्याच्या कडा कुठे धारदार आहेत आणि कुठे विरघळल्या आहेत ते कागदावर टिपून घ्या.

दुसरे सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८), मूळचे सावंतवाडीचे. हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं त्यांचं ‘ग्लो ऑफ होप’ म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. अनेकांना ते तैलचित्र वाटतं आणि बरेच जण राजा रविवर्म्याच्या नावावर खपवतात. ते जलरंगातलं आहे. दिव्याचा प्रकाश त्यात उजळ रंगाने आलेला नाही, सभोवतीचा गडदपणा आणि बोटांच्या फटींतून झिरपणारी लाली यांनी आणलेला आहे. उजेड रंगवायचा नसतो, राखायचा असतो, हे समजायला दहा व्हिडिओंपेक्षा हे एक चित्र पुरेल.

फ्रेम केलेल्या चित्रावर दोन पावसाळ्यांत काचेच्या आतून बुरशी आली. फ्रेमवाल्याने हार्डबोर्डवर पक्कं चिकटवून दिलं होतं.
— एक वाचक, ठाणे

पक्कं चिकटवलं तिथेच घोटाळा झाला. पांढऱ्या गोंदाने हार्डबोर्डवर पूर्ण चिकटवलेला कागद पुन्हा सोडवता येत नाही, आणि हार्डबोर्डमधलं आम्ल त्याला पिवळा करतं. फ्रेमवाल्याला तीन गोष्टी स्पष्ट सांगा, कागदावर लिहून दिल्यात तर उत्तम. चित्र आणि काच यांत माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) हवाच, निदान दीड-दोन मिमी जाड आणि आम्लरहित; काच कागदाला टेकली की ओल तिथेच धरते. चित्र फक्त वरच्या कडेला, पातळ जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्यांवर गव्हाच्या खळीने टांगायचं, सेलोटेप कुठेही नको. मागचा बोर्डही आम्लरहित.

घरी आणल्यावर फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे अर्धा इंच जाड तुकडे चिकटवा, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांत हवा खेळेल. पश्चिमेची, पावसाचा मार खाणारी भिंत टाळा. ऊन थेट पडेल अशी जागाही नको, विशेषतः चित्रात अ‍ॅलिझरिन क्रिमझन असेल तर. ट्यूबवर ‘पी.आर. ८३’ हा रंगद्रव्याचा क्रमांक लिहिलेला असेल तर तो रंग उडतो. त्याऐवजी क्विनॅक्रिडोन जातीचा लाल घ्या. सध्याचं चित्र फ्रेममधून काढा, कोरड्या हवेत दोन दिवस उघडं ठेवा आणि मऊ, कोरड्या ब्रशने बुरशी घराबाहेर, नाकाला मास्क लावून झटका. ओल्या फडक्याने पुसायला जाऊ नका, बुरशीबरोबर रंगही येईल.