कारागिराचा कोपरा: नवीन पातं आणण्याआधी

प्रश्न : काका, दोन महिन्यांपूर्वी १० इंची पात्याचा टेबल सॉ (टेबलातून गोल पातं वर येतं ती विजेची करवत) घेतला आणि पुस्तिका समोर ठेवून मीच जोडला. फळी उभी फाडताना फेन्सच्या (फळी जिला टेकवून पुढे सरकवतात त्या पट्टीच्या) बाजूच्या तुकड्याची कड काळी पडते. फळी मध्येच अडकते, दोनदा तर मागून वर उचलली गेली. पातं वर-खाली करायचं चाकही जड झालंय. पातं बोथट झालं असेल, बदलून टाक, असं ओळखीचे एकजण म्हणाले. बदलू का?

उत्तर : ताई, थांबा. आणि हे वाचून होईपर्यंत सॉ चालू करू नका. काळी कड एकवेळ रंध्याने काढता येईल, पण मागून उचललेली फळी म्हणजे किकबॅकची सुरुवात. पात्याचे पुढचे दात लाकूड खाली दाबतात, मागचे वर येत असतात. फळी फेन्स आणि मागच्या दातांमध्ये चिमटली की ते दात तिला उचलून थेट तुमच्या अंगावर फेकतात. माझ्या पोटावर असा फटका बसलाय. पंधरा दिवस वाकताना आठवण व्हायची.

दोन महिन्यांत पातं बोथट होत नाही असं नाही. पण बोथट पातं सहसा दोन्ही कडा जाळतं. तुमची फेन्सकडचीच जळतेय, म्हणजे मागच्या बाजूला फेन्स पात्याकडे झुकलीय किंवा पातंच तिरकं बसलंय. यातलं काय, हे कळायला आधी प्लग काढा. नुसतं बटण बंद करून चालणार नाही.

पातं पूर्ण वर घ्या आणि एका दाताला मार्करने खूण करा. माइटर गेजला (टेबलावरच्या खाचेतून सरकणारा, लाकूड कोनात धरायचा टेकू) एक सरळ पट्टी घट्ट बांधा आणि तिच्या टोकाला एक स्क्रू अर्धवट पिळा. खुणेचा दात पुढे आणून स्क्रूचं डोकं त्याला जेमतेम लागेल इतकं बाहेर काढा. हाताने पातं किंचित मागेपुढे केलं की बारीक 'टिक' ऐकू येईल. आता पातं फिरवून तोच दात मागे न्या, गेजही खाचेतून मागे सरकवा. तसाच 'टिक' आला तर पातं खाचेला समांतर आहे. आवाजच नाही किंवा दात अडतोय, तर ते तिरकं आहे. दात तोच हवा, कारण पात्यात थोडी लचक असली तर वेगवेगळे दात वेगवेगळं सांगतात. फरक ०.१ मिलिमीटरच्या आत असला तर मी हात लावत नाही.

त्याहून जास्त असेल तर पात्याची यंत्रणा ज्या बोल्टांवर लटकलीय ते शोधा. बहुतेक छोट्या सॉमध्ये ते टेबलाच्या खालच्या अंगाला असतात. एक किंचित घट्ट ठेवून बाकीचे सैल करा आणि लाकडाचा ठोकळा मध्ये धरून हलकेच ठोका. बोल्ट आवळताना यंत्रणा पुन्हा सरकते, म्हणून आवळल्यावर परत 'टिक' ऐका. मला पहिल्यांदा अख्खी दुपार लागली होती.

पातं जागेवर आलं की मगच फेन्स. तीही त्याच खाचेशी जुळवायची, पात्याशी नाही. मागे केसभर उघडी राहिली तर चालेल, बंद मात्र अजिबात नको. रायव्हिंग नाइफ (पात्याच्या लगेच मागे उभी असलेली पातळ पट्टी) पात्याच्या अगदी सरळ रेषेत आहे ना, तेही बघा. काढून ठेवला असेल तर आजच परत बसवा. पुष्कळजण तो 'मध्ये येतो' म्हणून काढतात. फाटलेलं लाकूड मागे मिटून पात्याला चिमटू नये, म्हणूनच तो तिथे असतो.

पातं काटकोनात आहे का, हे पाहताना गुण्या पात्याच्या सपाट अंगाला लावा. दात अंगापेक्षा रुंद असतात, त्यांना लावलात तर फसाल.

आता ते जड चाक. आधी त्याची लॉकची मूठ सैल आहे ना, ते बघा (हसू नका, मी स्वतः अर्धा तास झगडलोय). सैल असेल तर दातेरी चाकांत भुसा गच्च बसलाय. टूथब्रशने खरवडून काढा आणि सुकं वंगण किंवा मेण लावा. तेल घातलंत तर त्यावर भुसा चिकटून महिन्याभरात लगदा होईल.

टेबलालाही मेणच. सिलिकॉनचा स्प्रे नको, तो लाकडाला लागतो आणि पुढे पॉलिश धरत नाही.

एवढं करूनही कड जळली, तर पातं काढून साबणाच्या कोमट पाण्यात ठेवा आणि प्लास्टिकच्या ब्रशने दातांवरचा राळेचा थर घासून काढा. लगेच कोरडं पुसा. बोथट वाटणारी निम्मी पाती नुसती मळलेली असतात. आणि एक विचारायचं राहिलं : पात्याला दात किती आहेत? ६० किंवा ८० असतील तर ते आडव्या कापाचं पातं आहे. त्याने जाड लाकूड उभं फाडायला गेलात तर ते जळणारच. फाडायला २४ दातांचं हवं, तेवढ्यापुरतं मात्र तुमच्या ओळखीच्या गृहस्थांचं ऐका.